सासूबाईंसाठी गाळलेली पानं

ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला आमच्याकडे आल्यावर आठव्याच दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं की त्यांना परत जायचंय. त्यांचंही चुकत नव्हतं. नवरा गाडी घेऊन कामावर गेला की आम्ही दोघी घरात अडकायचो. बस येते असं नुसतं ऐकून होतो. मला सातवा महिना लागलेला. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपणाची सगळी भिस्त यांच्यावरच. पण ‘थांबा’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. मी एक नंबरची मानी. जायचं तर जाऊ देत, असं मनात फणकारत मी भांडी आदळत राहिले.

चालत जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, गल्लीच्या टोकाचं चर्चचं ऑप शॉप, म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान. तिथून आणलेली एक कादंबरी मी त्या दुपारी त्यांना मराठीत सांगायला घेतली. दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिका, ओसाड पश्चिम, आणि नुसत्या पत्रांवर लग्न ठरवून एका विधुर शेतकऱ्याकडे निघालेली देवभोळी मुलगी.

यात नवल ते काय, असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण गवार मोडणारे हात थांबले. जमीन किती, विहीर आहे का, पहिलीची मुलं कशी आहेत, सगळी चौकशी झाली. मुलगी घोडागाडीतून उतरली तिथे मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी परतीचा विषय निघाला नाही.

मग मी ते धोरणच ठेवलं. रोज थोडीच पानं सांगायची, तीही ऐन रंगात तोडायची. वणवा लागला की चहा, बर्फात वाट चुकली की चहा. नायिका गुडघे टेकून प्रार्थना करायला लागली की सासूबाईही हात जोडायच्या. देव कुणाचा का असेना, ऐकतो ना, असं त्यांचं म्हणणं. अडचण एकच होती. ही पुस्तकं तशी सोवळ्यातली, पण शेवटाकडे एखादं चुंबन येतंच. ते सासूला मराठीत कोणत्या तोंडाने सांगणार? मी खुशाल पानं गाळायचे. माझी जोडपी एकमेकांना पाणी हवंय का विचारायची आणि पुढच्या पानावर पाळणा हलायचा. सासूबाई ‘हूं’ म्हणायच्या.

अशी तीन पुस्तकं झाली. चौथ्यात नायक गोठ्यामागे नायिकेची वाट बघत उभा होता. मी नेहमीप्रमाणे दोन पानं उलटली आणि थेट सकाळच्या न्याहारीवर आले.

“गोठ्यामागचं राहिलं,” सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

मला ठसकाच लागला. यांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला. पण इथे दुकानात त्या कुणाशी बोलत नसत, म्हणून त्यांना इंग्रजी येत नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. त्यांना फक्त इथले उच्चार कळत नव्हते. मी दुपारी आडवी झाले की त्या पुस्तक घेऊन बसायच्या, आणि बोट ठेवून का होईना, माझ्या आधी संपवायच्या. पहिल्या पुस्तकापासून हेच चाललं होतं.

मला इतकी लाज वाटली की हसूच फुटलं. त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, मग रोज ऐकायला कशाला बसायचात?

“तुला थांबा म्हणता येत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पुस्तकातून म्हणत होतीस, म्हणून ऐकत होते.”

माझे डोळे भरून आले. त्यांच्यासमोर रडायचं नाही असं मी लग्नापासून ठरवलेलं, ते तिथेच संपलं.

“थांबा ना, आई,” मी म्हणाले. “मला फार भीती वाटतेय.”

त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि थांबते म्हणाल्या.