तांबड्या पेन्सिलीची रेघ

दादा गेल्याचा निरोप बांद्याला एसटीच्या कंडक्टरने आणून दिला. गणपतीला चार दिवस होते. निरोप ऐकून धक्का बसला असे म्हणणे खोटे होईल... शेवटच्या भेटीत त्याचे वजन एकेचाळीस किलो होते. वर्षापूर्वी अडुसष्ट. आता सात आठवडे झाले.

माझा हा थोरला चुलतभाऊ मिठबावला आंब्याची कलमे बांधायचा. कलम जगले, असे दुसऱ्याने सांगून त्याला कधी पटले नाही. प्रत्येकाला स्वतः हात लावून बघायचा. गेल्या दिवाळीनंतर पोट दुखते म्हणून मी त्याला पणजीला नेले. नवीनच आलेल्या सोनोग्राफीत स्वादुपिंडावर पाण्याची गाठ दिसली, तीन सेंटिमीटरची. डॉक्टर सरळ बोलले. अशा पुष्कळ गाठी जन्मभर काही करत नाहीत, काहींचा पुढे कॅन्सर होतो, आणि हिचे काय होणार ते आज सांगता येत नाही. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची. वाढली असेल तर वेळेत काढायची. रिपोर्टच्या तळाशी तसे लिहिले होते. त्या ओळीखाली मी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली.

घरी आल्यावर वहिनीने कौल लावायचा हट्ट धरला. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली की होकार. प्रश्न मोघम नको म्हणून तो गुरवाला मीच घालून दिला: गाठीत कॅन्सर नसेल तर उजवा दे. उजवी पडली. गुरवाने ती दादाच्या ओंजळीत दिली.

कौल खोटा नसेल. त्या दिवशी कॅन्सर बहुधा नव्हताच. मी विचारले ते त्या दिवसापुरते, आणि आम्ही उत्तर धरले जन्मभराचे.

वैशाखात सहा महिने भरले तेव्हा मी मिठबावला गेलो. दादा आंबे उतरवत होता.

"देवान सांगल्यानी ता तुका पुरणा नाय? हय आंबो काढूक माणसां नाय हत, नि हो माका पणजीक नेता. तू आपली पट्टी घेवन माझ्या पोटार बस."

गडी हसले. मीही हसलो, आणि पेटीभर आंबे घेऊन परतलो.

आषाढात त्याचे डोळे पिवळे झाले. आता गाठ सात सेंटिमीटर होती आणि रोग यकृतात पोचला होता. डॉक्टरांनी जुन्या रिपोर्टवरची तारीख बघितली, माझ्याकडे बघितले आणि कागद परत दिला.

वेळेत गेलो असतो तरी काय झाले असते कुणास ठाऊक, असे लोक समजावतात. ठाऊक नाही, हे खरे. पण ठाऊक करून घ्यायचे दिवस होते, आणि मी हसत होतो.

बाराव्याला वहिनीने त्या पहिल्या रिपोर्टचे पाकीट माझ्यापुढे ठेवले. "कौल उजवो होतो, भावजी. मगे असा कसा झाला?"

मी पाकीट उघडले. प्रश्न मी घालून दिला हे तिला माहीत आहे. तो अपुरा होता, हे नाही. पाकिटात दादाने ती पाकळी जपली होती. वाळून कागदाला चिकटली आहे, तांबड्या रेघेच्या किंचित वर. वहिनीने पाकीट पुन्हा देव्हाऱ्यात ठेवले.