घंटी कोणाच्या हातात

यवतमाळहून राळेगावला जाणाऱ्या एसटीत त्या दिवशी एवढी गर्दी होती की माझा डावा पाय आधी पोहोचला आणि उजवा दुसऱ्या गाडीनं आला. त्या गर्दीतून कंडक्टरबाई मात्र कापडातून सुई जावी तशी फिरत होती. तिकीट देता देता कोणाचं पोतं सरकवायची, कोणाची झोप मोडायची.

समोरच्या मावशींनी आधी आम्हा नवराबायकोला सोललं. "लग्नाले चार वर्सं, अन लेकरू नाही? काहून?"

आम्ही ठरवूनच थांबलो होतो, तरी बायको खिडकीबाहेर बघू लागली. राळेगावात माझं अख्खं घर हाच प्रश्न घेऊन दारात उभं असायचं, आणि मी चपला काढायला खाली वाकायचो तो वर बघायचोच नाही.

कळंबला गाडी थांबली, तशा मावशी कंडक्टरबाईकडे वळल्या. "बाई, तुले किती लेकरं?"

"विचार चालू हाय, मावशी."

"विचार कायचा? आमी केलता का? सात झाले!"

"थेच तं! थोडा कराचा होता!"

गाडी अशी हसली की एक टायर बसला असावा. सगळ्यांत जास्त मावशीच हसल्या.

बाईनं वरची दोरी धरली. "मावशी, मागून कितीबी जन 'चला, चला' वरडले, तरी गाडी घंटीवरच निंघते. अन घंटी माह्या हातात हाय."

टण् टण्! गाडी निघाली.

बायको माझ्याकडे वळली. "घरी आज मीच बोलीन. तुमी फक्त मान हलवजा."

दारातच ती "लेकराचं आमी दोघं ठरवू" असं बोलली, आणि मी मान इतकी हलवली की आई प्रश्न विसरून बामची डबी शोधू लागली.

त्या कंडक्टरबाईचं पुढं काय ठरलं, हे विचारायला माझी जीभ मात्र अजून वळवळते.