निजाम हरायला तयार, पण मामा जिंकेनात

"शिट्टी घेऊन ये," मामांचा फोन. "कुणाच्या हातात घड्याळ दिसलं की वाजव! तू इतिहासाची बाई, औंदा तुझ्याबिगर लढाई न्हाई."

आता मला शिट्टी वाजवायला कोण बोलावतं का कधी? शाळेत सुद्धा ती पीटीच्या सरांकडे असते. मी नाचायचीच बाकी होते!

तर जळकोटजवळच्या माझ्या आजोळी दर माघात, हरभरा निघाल्यावर, मोकळ्या रानात उदगीरची लढाई करतात. मराठ्यांची फौज मामांच्या गावची, निजामाची शेजारच्या गावची. गोची अशी, की ही दोन्ही गावं एकमेकांची सोयरी. निजामाचा अर्धा तोफखाना यांचे जावई! जावयाला पळवून कसं लावायचं? म्हणून आजवर लढाई बरोबरीत सुटायची आणि दोन्ही फौजा एका पंगतीला बसायच्या. मागच्या वर्षी कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि गावाचं पार हसं झालं. म्हणून यंदा ठरलं, सगळं खरं दाखवायचं. निजाम हरणार म्हणजे हरणार.

मग मामांचा आवाज एकदम खाली आला. "औंदा निजाम म्हणजे आपल्या सवीचा सासरा हाय गं."

सविता म्हणजे मामांची एकुलती एक लेक. तिच्या लग्नात आहेराच्या गडबडीत व्याह्यांना टॉवेल दिला आणि टोपी द्यायची राहिली. भर मांडवात माणूस बोडका बसला! त्या दिवसापासून रुसवा. वर्ष झालं, सविता माहेरी आलेली नाही. ना पंचमीला, ना दिवाळीला.

"आता चारचौघांत हरवलं त्याला, तर लेक कायमची तुटली म्हण," मामा म्हणाले.

लढाईच्या दिवशी आम्ही घरून, विष्णुपुरीहून, सकाळी सातला गाडी काढली. लोहा, कंधार, जांब, जळकोट असा रस्ता, थांबत थांबत अडीच तास. मधे मधे खड्डे इतके की आमचे हे म्हणाले, "रस्ता तेवढा अस्सल त्या काळचा ठेवलाय." कंधारला गरम भजी आणि चहा घ्याच, दोघांचं शंभराच्या आत भागतं. पुढे एका शेतात ओळख ना पाळख, हाक मारून हुरडा खाऊ घातला. पैसे विचारले तर शेतकरीण म्हणाली, "हुरड्याचे पैशे घेत असतेत का, बाई?"

रानात पोचले आणि शिट्टीला दम मिळेना! फुर्र... मावळ्याच्या डोळ्यावर गॉगल. फुर्र... भालाईत व्हिडिओ कॉलवर. हत्ती म्हणजे ट्रॅक्टर, त्याला पत्र्याची सोंड. तोफ प्लायवूडची, आत सुतळी बॉम्ब. सात घड्याळं काढून मी पर्समध्ये टाकली. अशी मजा मला जन्मात आली नव्हती.

निजाम मात्र तयारीनिशी आला होता. हिरवा अंगरखा, डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण, कपाळावर भस्माचे तीन ठळक पट्टे. मी शिट्टी वाजवली.

"भस्म पुसा, पाहुणे. तुम्ही निजाम आहात."

"न्हाई पुसणार. फौजेत त्याच्या आपली मानसं न्हवती का?"

"फौजेत होती. पण तुम्ही स्वतः निजाम!"

"बरूबर हाय," ते म्हणाले आणि शेल्याच्या टोकानं कपाळ पुसलं. हा माणूस मला तिथंच आवडला.

त्यांच्या मागे बायकांच्या घोळक्यात सविता बसली होती. समोर मराठ्यांचे सेनापती म्हणून मामा घोड्यावर. बापलेक एकमेकांकडे बघत होते आणि मधे सगळं रान.

लढाई झकास झाली. धूर, ढोल, आरोळ्या! मेलेले मात्र पडून राहीनात, सावली बघून सरकत होते. शेवटी दोन्ही सेनापती समोरासमोर आले. आता निजामानं तलवार द्यायची, मामांनी घ्यायची. व्याह्यांनी तलवार पुढे केली. मामांनी हात जोडले.

"पाव्हणं, असू द्या तुमच्याजवळच."

"घ्या म्हंतो ना!"

"आमच्यानं व्हायचं न्हाई ते."

"ओ, म्हैनाभर हरायची प्रॅक्टिस करून राहिलो मी! अन् तुम्ही मला हरू दिईनात?" निजामाचा आवाज चढला. "मांडवात मान दिला न्हाई, आता हार तरी धड द्या!"

शिट्टी माझ्याकडे होती. वाजवली आणि जीव खाऊन ओरडले, "मामा, तलवार घ्या!"

मामांनी घेतली.

"हां, झालो पराभूत," व्याही समाधानानं म्हणाले. "आता तह. मागा काय मागायचं ते."

मामांनी किल्ल्यांच्या यादीचा कागद काढला. बघितला. घडी करून परत खिशात ठेवला.

"सवीला पंधरा दिवस माहेरी धाडा."

मी शिट्टी तोंडात धरली ती तशीच राहिली.

"पंधराच?" निजाम म्हणाला. "खऱ्या तहात लई मागितलं होतं. म्हैना घ्या."

"मला इचारा की कुनीतरी!" घोळक्यातून सविता उठली. "लगीनसराईची शिवणं पडलीत माझी! पंधरा दिवस बास!" रान जे हसलं म्हणता! आणि ती रडत रडत हसत सुटली ती थेट घोड्यापर्यंत.

"अन् माझी टोपी?" निजामानं विचारलं.

मामांच्या अंगरख्यातून ती निघाली. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. लग्नापासून त्यांच्या दुकानाच्या गल्ल्यात जपलेली, आज हिंमत झाली तर द्यावी म्हणून आणलेली. व्याह्यांनी ती शिरस्त्राणावरच चढवली आणि दोघांनी कडकडून मिठी मारली. मग पंगत बसली. ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, दोन्ही फौजा जेवल्या.

घरी आल्यावर पाय धुऊन आधी वही काढली. चुकांची यादी मामांना पाठवायची होती. घड्याळं सात, गॉगल चार, ट्रॅक्टर एक, सरकणारे मुडदे अगणित. खाली लिहिलं, "निजामाच्या डोक्यावर पांढरी टोपी." ही तर सगळ्यात ढळढळीत चूक. काट मारली नाही, चूक खरीच आहे. पण पुढे कंसात लिहिलं, "दरवर्षी करावी."