निरोपाचा हार

सातपूरच्या कारखान्यात आमचे पहिले मॅनेजर रोज आरडाओरडा करायचे. पण कुणाच्या घरी आजारपण असलं, की मशीनजवळ येऊन आधी त्याची चौकशी करायचे. त्यांच्यासाठी आम्ही सुट्टीच्या दिवशीही न कुरकुरता कामावर यायचो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांची बदली झाली. नवे साहेब कधी आवाज चढवत नसत. काचेच्या केबिनमधून ते बाहेरही क्वचितच येत.

माझ्या शेजारच्या मशीनवरचे काका निवृत्त झाले, तेव्हा कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. साहेबांनी हार उचलला आणि माझ्याच गळ्यात घातला. "पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा," म्हणत हातही मिळवला. कुणी हसलं नाही. मी हार काढून काकांना घातला.

"राहू दे रे," काका हळूच म्हणाले. "त्यांनी मला कधी पाहिलंच कुठे होतं?"

साहेब "सॉरी" म्हणाले, पेढा घेऊन निघून गेले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सांगितलं तेवढंच काम करू लागलो. भोंगा वाजला की हात पुसून निघायचो. कामात चूक नसायची, त्यामुळे कुणी काही विचारलंही नाही. पुढची कितीतरी वर्षं तशीच गेली.