आबाद लिहा, पंतजी

"हळू, पंतजी. निजले हाएत."

ओठांवर बोट ठेवून चाचांनी मला सांगितलेले हे पहिले वाक्य. वैशाखातली सकाळ होती. अकोल्याबाहेर, मोर्णा नदीच्या पलीकडे असलेल्या जुन्या कबरस्तानात मी मोजणीची साखळी घेऊन शिरलो होतो. मी जोडे काढून हातात घेतले आणि मेलेल्यांपुढे शोभेल असा चेहरा केला.

"जोडे काहून काढले? काटे हाएत तिथं," चाचा म्हणाले. "मी टिटवीचं सांगून राहिलो."

माझ्या पायापासून वीतभर अंतरावर, एका कबरीच्या कडेला, खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी होती. आणखी एक पाऊल टाकले असते तर चारांची तीन झाली असती.

चाचा तिथले कबर खोदणारे. वय सत्तरीच्या आसपास; नेमके त्यांनाही ठाऊक नव्हते. मूलबाळ नाही. गावाने दुसऱ्या अंगाला नवे कबरस्तान केले, तेव्हा खोदायला तरणी माणसे ठेवली आणि चाचा जुन्या जागेत राहिले. काम उरले नव्हते, तरी ते रोज सकाळी कुदळ खांद्यावर टाकून एक फेरी मारत. "कोणाचं काय अडलं असंन तं," असे म्हणत. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, काम संपले तरी ज्याची हजेरी संपत नाही.

ते कापसाचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात लोकांनी धुरे, म्हणजे शेतांचे बांधसुद्धा नांगरले. गाडवाटा अरुंद झाल्या, गायरानात कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. पाखरांना आणि जनावरांना जायला जागा राहिली ती या एक एकर तीस गुंठ्यांत. मी मोजणीखात्यात कारकून. जमीन पाहायची, साखळी टाकायची आणि रकान्यात शब्द लिहायचा, वहीत म्हणजे कसलेली, की पडीत. कबरस्तानांसाठी साहेबांचा हुकूम वेगळा होता. बारा वर्षांत तिथे कोणाला पुरले नसेल, तर जागा पडीत धरून लिलावात काढायची.

"इथे शेवटचे कोणाला पुरले?" मी विचारले.

"माह्या बायकोले." चाचांनी टिटवीजवळच्या कबरीकडे हात केला. "चवदा वर्सं झाले."

मी चौदा लिहिले. त्यापुढे पडीत लिहिले.

चाचांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी विचारले आणि मी सांगितले.

"पडीत? आबाद लिहा, पंतजी."

"चाचा, आबाद म्हणजे जिथे कोणी राहते ते."

"तं मंग हे कोन हाएत? तुमी मोजनारे ना? मोजा."

मोजा म्हटल्यावर मला राहवत नाही. आम्ही दोघे फिरलो. कडूनिंब अकरा. सीताफळाची झाडे त्रेसष्ट, बहुतेक कबरींच्या फटींतून उगवलेली. पडक्या विहिरीवर सुगरणीचे जुने खोपे सत्तावीस. पिंगळ्यांची एक जोडी, घोरपड एक. एका कबरीच्या उशाशी सायाळीचे बीळ होते.

"हे मात्र वाईट," मी म्हणालो. "ती कबर उकरते."

"ते हवालदाराची कबर हाये. जिता होता तवा लोकाईच्या घरात घुसे. आता हे त्याच्या घरात घुसली."

गुळवेल आणि शतावरीसाठी एक वैद्य अकोटहून येई. त्या वेलीही मी टिपल्या. हा सगळा आकडा मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिला. पडीत हा शब्द मात्र बदलला नाही. हुकमाप्रमाणे तोच बरोबर होता. कचेरीत शिरस्तेदार मोठ्याने वाचून हसले. "घोरपडीच्या नावाने पट्टा नव्हे, निदान नोटीस तरी काढायची काय हो?" सगळे हसले.

लिलाव पुढच्या चैत्रात ठरला. जागा सपाट करून तिथे कापसाच्या गंजी लावायच्या, असे एका व्यापाऱ्याच्या मनात होते. दिवाळीनंतर मी चाचांना हे सांगायला गेलो. त्यांना खोकला लागला होता. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही तीन वर्षे कमी सांगितली असती तर मी तेच लिहिले असते. दाखला मागणारे कोणी नव्हते."

"बायकोच्या मरनात खोटं काहून बोलू?" ते म्हणाले. मग नखाने कुदळीवरची माती काढत त्यांनी विचारले, "पुरनं चालू असलं तं जागा सुटते?"

"सुटते. हुकूमच तसा आहे."

"एक बी पुरे?"

"एकही पुरे."

"मंग ठीक हाये."

मला वाटले, त्यांना नीट समजले नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले. "पंतजी, जरा चाला माह्यासंग."

ते बायकोच्या कबरीपाशी गेले. तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. कोणीही पाहून सांगितले असते की ती त्यांच्यासाठी ठेवलेली आहे.

"इथं नाई," ते म्हणाले. "इथं टिटवी बसते दर साली. खोदाखोदी झाली, मानसं जमले, तं थे येनार नाई. तिले भेव नाई वाटनार इतके दूर मोजून द्या."

मी कुंपणाकडे पावले मोजत गेलो. बारावर थांबलो. चाचांनी मान हलवली. "आनखी एक."

तेरा. त्यांनी तिथे एक दगड ठेवला आणि मशिदीत जाऊन चार जणांना सांगून आले की मला नव्या जागेत नेऊ नका.

"बायको रागवेल की," मी म्हणालो.

"रागवंन. पन तिले ऐकू कमी येई. तेरा पावलं म्हंजे काई बोलनं होत नाई आता."

पौषात खोकला वाढला. माघात चाचा गेले. लोकांनी त्यांना त्या दगडापाशीच पुरले. मी लांब उभा होतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो, जुना शब्द खोडला, खोडल्याची सही केली आणि लिहिले: कबरस्तान, चालू. शिरस्तेदारांनी वाचले. लिलावाच्या यादीतून तो नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने काढला.

त्यानंतर माझी बदली अमरावतीला झाली. वैशाखात घरच्या कामाने अकोल्यास आलो, तेव्हा सकाळी नदी ओलांडून गेलो. चाचांच्या बायकोच्या कबरीपाशी जपून पाहिले. खडे होते, अंडी नव्हती. तेवढ्यात टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत गेली आणि कुंपणाकडे उतरली.

चाचांच्या कबरीवर अजून गवत धरले नव्हते. वर नवे, स्वच्छ खडे होते. त्यांत चार अंडी होती.

मी परत फिरलो आणि बायकोच्या कबरीपर्यंत पुन्हा पावले मोजली. तेराच होती.