मोटारहोम, क्लब आणि मोठे बाबा

हसायचं असेल तर पोटभर हसा, फक्त मधेच थांबवू नका. हा किस्सा मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण गावात बाकीचे सगळे तो सांगून मोकळे झालेत आणि प्रत्येक जण त्यात माझा मूर्खपणा थोडा वाढवून सांगतो. अहो, मुळातलाच पुरेसा आहे!

आमचं गाव विदर्भातल्या सेलू तालुक्यातलं. शेती भाजीची. वांगी, टमाटे, सांभार. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्यांनी घाबरू नये.) बाबांनी यंदा नवीन पिकअप घेतली, आणि वीस वर्षं बाजारात भाजी वाहणारा आमचा बंद बॉडीचा टेम्पो रिकामा झाला. सगळे म्हणाले, विका. मी म्हटलं, मला द्या!

"तुले कायले टेम्पो?" आई म्हणाली.

"मोटारहोम करते त्याचं. म्हणजे गाडीतच घर."

"अन हे घर काऊन नाई चालत तुले?"

बघा, कॉलेजात तीन वर्षं घालवून मी जे शिकले नाही, ते आई एका वाक्यात शिकवते. पण मी हटले नाही. दोन महिने राबले. सुताराकडून फळ्यांचा पलंग केला, पाण्याची टाकी बसवली, छपरावर सोलरची पाटी, गॅसची शेगडी, खिडक्यांना पिवळे पडदे. वास तेवढा सांभाराचाच राहिला. तो काही केल्या जाईना.

खरा प्रश्न पुढे होता. आमच्या घरात शेवटचा शब्द मोठ्या बाबांचा. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. तो टेम्पो वीस वर्षं त्यांनीच चालवला. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांना मत आहे आणि ते मागावं लागत नाही.

"अन जाशीन कुठं हे घर घेऊन?" त्यांनी विचारलं.

"कुठेही! एकटी!"

बैठकीतले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी चंद्रावर वांगी लावायला निघाले आहे.

"एकटी पोट्टी गाडीत झोपन? रस्त्यानं?"

मी हुकमाचं पान टाकलं. "एकटी नाही. मोटारहोमवाल्यांचा क्लब असतो. मी त्याची मेंबर होणार."

"क्लबात जाऊन भेटते काय?"

"थांबायला चांगली जागा कळते. गाडी बिघडली तर जवळचा मेंबर धावून येतो. पाणी कुठे भरायचं, कुठल्या धाब्यावर बाईमाणसाने थांबावं, कुठे नाही, सगळं सांगतात."

"हे तर म्याही सांगतो!"

हेच! हेच ते! यांना सगळं आधीपासून माहीत असतं! मी इतकी भडकले, की शेवटी बाबांना मध्ये पडावं लागलं. तोडगा निघाला. रविवारी केळझरला क्लबचा मेळावा होता. तिथे गाडी तपासून मेंबर करून घेणार होते. करून घेतलं तर गाडी माझी आणि फिरायची मोकळीकही. नाही तर सोमवारी समुद्रपूरचा गिऱ्हाईक येऊन टेम्पो घेऊन जाणार.

"अन मी संग येतो," मोठे बाबा म्हणाले.

"या. पण तिथे मध्ये एक शब्द बोलायचा नाही!"

"नाई बोलत. गनपतीची आन."

आता त्यांनी ती आन इतकी पाळावी, असं मला त्या वेळी स्वप्नात तरी वाटलं होतं का?

रविवारी सकाळी निघालो. मी हातात कागदांची फाईल घेतली, गळ्यात दोरीवाला बिल्ला अडकवला. बिल्ला माझा मीच बनवला होता. कोणी ओळखीचं नव्हतं ना! क्लबवाल्यांशी सगळं मेसेजवरच. निरोप एवढाच होता: देवळाच्या टेकडीच्या पायथ्याशी झाडाखाली या, गाड्या दिसतीलच.

दिसल्याच! चांगल्या सहा-सात गाड्या. दोन ट्रॅव्हलर, चार पिकअप, ताडपत्रीची सावली केलेली, सतरंज्या, पाण्याच्या टाक्या, भांडी, चूल. एक ट्रॅक्टरही होता. त्याच्यावर मला जरा शंका आली. पण म्हटलं, विदर्भातला क्लब आहे, असायचाच एखादा ट्रॅक्टरवाला.

फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावला, मोठ्या बाबांना म्हटलं, "इथे बसा," आणि गेले मी ताठ मानेने.

सगळ्यांत म्हातारे एक आबाजी बाजेवर बसले होते. अध्यक्ष हेच, मी ओळखलं.

"नमस्कार! सगळ्या गाड्या याच का?"

ते चटकन उठून उभे राहिले. "व्हय जी, याच. काऊन, काई चुकलं का?"

केवढी नम्रता! आमच्या घरात दाखवा असं माणूस. मी फाईल उघडली. "गाड्या अशा वाकड्यातिकड्या नको. एका रांगेत, तोंड रस्त्याकडे. अचानक निघावं लागलं तर?"

"ए, हटवा रे गाड्या!" आबाजी ओरडले. पाच मिनिटांत रांग तयार. ट्रॅक्टरसकट! मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्यांनी माझं ऐकलं. डोकं थोडं फिरलंच, खोटं कशाला बोलू?

मग मी कचऱ्याचे दोन ढीग करायला लावले. जाळ गाड्यांपासून दूर न्यायला लावला. तिकडे काकू लोक गोवऱ्या पेटवून रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजत होत्या. त्या गोवऱ्या पदरानं तोंड झाकून पुन्हा दुसरीकडे रचल्या बिचाऱ्यांनी. एवढ्यात मागून आवाज आला, "वैशू, ऐक ना..."

मोठे बाबा!

मी वळून नुसतं ओठांवर बोट ठेवलं. ते गेले परत.

"आबाजी, तुम्ही किती वर्षांपासून येता असे?" मी मुलाखतच सुरू केली.

"आमी? माया आजापासून. तवा बैलगाडीनं येत होतो."

बैलगाडीचा मोटारहोम! मी भारावून गेले. "आणि सगळे मिळून किती जण?"

"लेकराबाळांसकट साठेक."

"फायदा काय होतो पण? घरी मला हेच विचारतात."

रोडगा उलटणाऱ्या काकूंनी मान वर केली. "फायदा? अवं, मनातलं होते. आता पाय, माया पोराचं सात वर्ष जमत नव्हतं. जमलं यंदा!"

क्लबातही लग्नच! मला राग आला, पण म्हटलं असू दे, प्रत्येक क्लबात एखादी अशी काकू असते.

तेवढ्यात मोठे बाबा परत हजर. या वेळी बोलले नाहीत. आन होती ना! उजव्या हाताने माझा फोन हलवताहेत, डाव्या हाताने टेकडीपलीकडे दाखवताहेत, मुंडी हलवताहेत. मला वाटलं, यांना घरी जायची घाई. चारचौघांत ओरडले, "मोठे बाबा, सांगितलं ना एकदा, मध्ये यायचं नाही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, हात जोडले आणि निघून गेले.

"कोन होते?" आबाजींनी विचारलं.

"घरचे आहेत. त्यांना समजत नाही यातलं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मग पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण, तुपात चुरलेले रोडगे. तीन खाल्ले मी. हात धुतले आणि मुद्द्यावर आले. "आबाजी, आता माझी गाडी पास करा."

"गाडी? पोरी, गाडी पास कराले आरटीओत जा लागते. इथं कोन करन?"

"अहो, क्लबचे अध्यक्ष तुम्हीच ना?"

"कायचा क्लब? आमी रोडगे कराले आलो. नवसाचे. तू मंदिर कमिटीची नाई का?"

"मी? मी कशाला कमिटीची?"

साठ माणसं एकदम माझ्याकडे वळली. लेकराबाळांसकट! मग काकूंचा आवाज आला, "मंग त्या गवऱ्या कायले हलवाले लावल्या वं आमाले?"

मी पळाले. दुसरं काय करणार? पळाले ती थेट टेम्पोकडे, आणि टेम्पो जागेवर नाही! पिवळे पडदे नाहीत, मोठे बाबा नाहीत, फोन नाही. माझ्या डोक्यात एकच: नेला! सोमवारची वाटही नाही पाहिली, समुद्रपूरला नेऊन दिला माझा टेम्पो! माझे दोन महिने, माझा पलंग, माझी टाकी!

आबाजींच्या नातवाने टेम्पो टेकडीपलीकडे जाताना पाहिला होता; त्याने मला मोटरसायकलवर मागे बसवलं. भला माणूस, हसला नाही. निदान तोंडावर तरी नाही. टेकडीला वळसा घातला आणि पलीकडच्या झाडांखाली दिसल्या चार चकाचक मोटारहोम. पाचवा माझा टेम्पो! आणि घडीच्या खुर्च्यांच्या गोलात मधोमध, हातात कॉफी घेऊन, कोण बसलेलं? मोठे बाबा! बोलत होते आणि बाकीचे वहीत लिहून घेत होते. वहीत!

"...बाईमानूस संग असन तर त्या धाब्यावर थांबू नका. तिथून दोन कोस पुढं पंप हाय, तिथं थांबा. पानी बी गोड हाय."

चष्मा लावलेल्या एक बाई उठल्या. खऱ्या अध्यक्ष. "तुम्हीच वैष्णवी का? अहो, फोन करून दमलो आम्ही! शेवटी यांनीच फोन उचलला आणि गाडी आणून दाखवली. फार सुंदर केलीय. पास! आणि यांना आम्ही मेंबर करून घेतलं. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे काय!"

"यांना? अर्ज मी केला होता! गाडी मी बनवली!"

"हो, पण गाडी यांच्या नावावर आहे ना? एका गाडीला एकच मेंबर, असा नियम आहे आमचा. तुम्हाला सोबतची प्रवासी म्हणून लिहिलंय."

मी मोठ्या बाबांकडे वळले. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"दोनदा आलतो सांगाले. तूच म्हनलं, मधात बोलू नका. गनपतीची आन घेतलती म्या!" मग अध्यक्षबाईंना म्हणाले, "पोट्टी हुशार हाय जी आमची. टाकी लय मस्त बसोली तिनं. तोंड तेवढं चालू राह्यते."

टेम्पो वाचला. समुद्रपूरचा गिऱ्हाईक हात हलवत परत गेला. पण मला एक विचारा ना: मोटारहोम क्लबात जाण्यात अर्थ आहे का? आहे! एकशे एक टक्के आहे! मी त्या दिवशी ठामपणे म्हटलं होतं, आजही म्हणते. जागा कळते, माणसं कळतात, रस्त्यावर आपलं कोणीतरी असतं. आणि गाडी माझ्या नावावर करून घेईपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही, हेही लिहून ठेवा.

तोवर एकच अडचण आहे. क्लबच्या सहलीला मेंबर गाडीत असावाच लागतो. त्यामुळे एकटीने जग फिरायला निघालेली मी मागच्या महिन्यात मोठ्या बाबांना घेऊन पहिल्या सहलीला गेले. गाडी मी चालवली, पलंगावर ते झोपले. पोचल्यावर त्यांनी टोपी नीट केली, मेंबरचा बिल्ला गळ्यात अडकवला (खरा बिल्ला, छापलेला) आणि उतरता उतरता म्हणाले,

"वैशू, हे क्लबाचं काम हाय. तू मधात बोलू नको, बरं."