साडूंचं दुखणं

माझ्या मोठ्या साडूंइतकी दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या रायपुरात शोधून सापडायचा नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून गुढियारीतला सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांनी आपल्या देखरेखीखाली घेतला आहे. कोणी खोकलं की हे चप्पल घालून निघाले. "अगोदर एक्स-रे काढ, मग टमाटर विक," म्हणत त्यांनी भाजीवाल्याला हातगाडीसकट दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं होतं. माझ्या साध्या ढेकरावरही त्यांनी "हृदय दाखवून घ्या, भाऊ" असा सल्ला दिलेला आहे. स्वतः डॉक्टरकडे जायचं म्हटलं, की मात्र त्यांना हमखास कुठल्यातरी लग्नाची आठवण होई.

त्यामुळे तेलीबांध्याच्या तलावावर सकाळी फिरताना, मला रक्तदाबावर व्याख्यान देता देता ते एकाएकी पांढरेफटक पडून बाकावर बसले, तेव्हा माझं धाबं दणाणलं. पाणी पाजलं. जरा हुशारी आल्यावर, आसपास कोणी नाही असं पाहून ते पुटपुटले, "काही नाही, चक्कर आली. ते... संडासातून रक्त जाऊन राहिलं ना."

"कधीपासून?"

"होळीपासून. मूळव्याध आहे जी, सुरण खाऊन राहिलो. घरी नका सांगू."

दिवाळी तोंडावर आली होती. मी तिथूनच त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, फोन लावून दवाखान्यात बोलावलं आणि तशीच गाडी तिकडे वळवली.

डॉक्टरबाई वयाने त्यांच्या लेकीएवढी. साडू अंग चोरून छताकडे पाहत "उष्णता वाढली" एवढंच सांगत राहिले. शेवटी ताई कडाडल्या, "उष्णता काय? रक्त पडते म्हणून सांगा ना!" "मूळव्याधीचं आहे जी," साडू पुटपुटले.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाली, "काका, खून बवासीर का ही है, ये किसने तय किया? बिना जाँच के तो मैं भी नहीं कह सकती."

रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हाच यायला हवं होतं, आणि चक्कर आली की मग थांबायचंच नाही, असं तिने बजावलं. तपासलं तर अंगातलं रक्त पार कमी झालेलं होतं. या वयात आतून दुर्बिणीने तपासणी हवीच, असंही ठरलं.

तपासणीच्या दिवशी साडू आत गेले आणि ताई बाहेर दाराशीच उभ्या राहिल्या. मग डॉक्टरबाई हसतच बाहेर आली. "अंदर सब साफ है. बवासीर ही है, ठीक हो जाएगी." ताई मटकन खुर्चीत बसल्या, आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी उगाचच "बधाई हो" म्हणालो.

परतताना गाडीत मी विचारलं, "भाऊ, एवढे दिवस काहून लपवलं?"

"भेव वाटे," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "बाबाचंही असंच रक्त जाये. आम्ही मूळव्याधच समजत राहिलो." आणि मग, अगदी हळू, "त्यायले कोणी दवाखान्यात नेलंच नाही, भाऊ."